शेवटचा नट आवळताना

समोर मडिवाळप्पाच्या गॅरेजचं शटर वर गेलं, की गुरप्पा मिस्त्रीच्या पोटात दुखायला लागायचं. रोज सकाळी, न चुकता. अक्कलकोट रस्त्यावर समोरासमोर ही दोन गॅरेजं. गुरप्पाचं पत्र्याचं, वीस वर्षांचं. मडिवाळप्पाचं दोन वर्षांचं, वर झकास पिवळी पाटी. हा मडिवाळप्पा बारा वर्षं गुरप्पाच्याच हाताखाली राबला, आणि एक दिवस पाया पडून समोर जाऊन बसला. बसला तर बसला, पण गिऱ्हाइकानं त्याच्याकडं का जावं? आज त्याच्या दारात तीन अ‍ॅम्बेसिडर आणि एक जीप, आणि आपल्या दारात कुणाचा तरी मोडका ट्रॅक्टर, हे बघून गुरप्पाला जेवण गोड लागायचं नाही. बायको चंद्रव्वा म्हणायची, तुमीच शिकवलं की त्याला, मग आनंद माना. असला आनंद मानायला गुरप्पा काय संत लागून गेला होता?

चौऱ्याहत्तर साली त्याचा जुना गिऱ्हाईक सिद्धप्पा टॅक्सीवालाही तिकडं गेला, तेव्हा तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. वळसंगजवळच्या खड्ड्यात सिद्धप्पाच्या अ‍ॅम्बेसिडरचा पुढचा डावा आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, वाकला होता. मडिवाळप्पानं नवा आर्म घातला, त्याच्या सांध्यात नवे रबरी बुश बसवले. आणि आठ दिवसांनी सिद्धप्पा गुरप्पाच्या दारात हजर, तोंड पाडून. गाडी उजवीकडं ओढत होती, थेट समोरून येणाऱ्या ट्रकच्या अंगावर. स्टिअरिंग धरून धरून त्याचा खांदा भरून आला होता. मडिवाळप्पानं तीनदा सुतळी लावून चाकं सरळ केली, टायर बदलून पाहिले, पण गाडी काही ऐकेना. उद्या स्टँडवर सगळ्यांना सांगतो, सिद्धप्पा म्हणाला, की त्याच्या दारात पाऊल टाकू नका.

गुरप्पाला इतकं बरं वाटलं, की विचारू नका. स्टँडवरची माणसं फिरली की पिवळी पाटी सहा महिन्यांत उतरणार, हे त्याला दिसतच होतं. त्यानं सावकाश सुतळी लावली. चाकं खरोखरच सरळ होती. टायरची हवा बरोबर होती. मग तो गाडीपुढं उकिडवा बसला आणि नुसता बघत राहिला. डावी बाजू दोन बोटं वर होती. त्यानं बंपर दाबला, तर ती बाजू दबायलाच तयार नाही.

दुखणं सापडलं. गाडी जॅकवर असताना, चाक लोंबकळत असताना मडिवाळप्पानं आर्मचा नट गच्च आवळला होता. बुशचं रबर तिथंच जखडलं, गाडी खाली आल्यावर पिळलं गेलं, आणि आता ते ती बाजू वर रेटत होतं. चाकं जमिनीवर टेकवून, पुढं दोन माणसं बसवून मगच तो नट आवळायचा असतो. शिकाऊ माणसाची चूक. बारा वर्षं काम केलेल्या माणसाच्या हातून ती कशी झाली?

उत्तर गुरप्पालाच ठाऊक होतं. कारण मडिवाळप्पा हाताखाली असताना गुरप्पा जॅकवर सगळ्यांदेखत तो नट आवळल्यासारखं करायचा, पण नुसता लावून ठेवायचा. गाडी खाली उतरली, की म्हणायचा, मडिवाळ्या, जा, चहा आण. तो किटली घेऊन गेला, की गुरप्पा गाडीखाली शिरून शेवटचं आवळायचा. गुरप्पाचा उस्तादही त्याला ऐन वेळी असाच पान आणायला पाठवायचा. पाच वर्षांनी एकदा गुरप्पा मुद्दाम अर्ध्या वाटेतून मागं फिरला आणि पत्र्याच्या भोकातून त्यानं सगळं पाहून घेतलं. सगळं शिकवायचं आणि एक गोष्ट मुठीत ठेवायची, ही या धंद्याची रीतच. नाहीतर म्हाताऱ्या उस्तादाला कोण विचारतो?

मडिवाळ्याचा हातच कच्चा, असं सिद्धप्पाला सांगायला गुरप्पानं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मडिवाळप्पाच रस्ता ओलांडून आला. हातात किटली आणि कप. खाली मान घालून त्यानं दोघांना चहा ओतला.

"मामा, शेवटाला तुमी मला चहाला धाडायचा," तो म्हणाला. "आज चहा आधीच आणलाय. आता मी कुटं जाऊ?"

म्हणजे आपल्याला मुद्दाम बाहेर धाडतात, हे याला ठाऊक होतं! बारा वर्षं ठाऊक होतं, तरी हा दरवेळी मुकाट्यानं किटली उचलून गेला होता. एकदाही मागं फिरला नव्हता. आपण मात्र फिरलो होतो. गुरप्पा असा जळाला, की त्या पिवळ्या पाटीनंही त्याला कधी इतकं जाळलं नव्हतं.

त्यानं कप खाली ठेवला, पाना उचलला आणि मडिवाळप्पाच्या हातात दिला.

"तू जा खाली," तो म्हणाला. "मी आन् सिद्धप्पा पुढं बसतो. आदी ढिला कर, गाडी बसू दे, मग आवळ."

गाडी कर्र करून दोन बोटं खाली बसली. खाली पाना फिरत होता. गुरप्पा सिद्धप्पाशेजारी बसून राहिला, वजन म्हणून.