काळं अस्तर

माझ्या मोठ्या जाऊबाई बावीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसल्या. हात इतका साफ की सुपरवायझर नव्या बायकांना त्यांची शिवण दाखवायचा. त्याउपर कौतुक नाही.

तिथं चाळीस बायकांत संडासाला जायचे बिल्ले दोनच, सुपरवायझरच्या टेबलापाशी टांगलेले. बिल्ला घ्यायचा म्हणजे सगळ्यांच्या देखत उठून जायचं. जाऊबाईंना ते जमेना. त्यांनी सोपा मार्ग काढला, पाणीच प्यायचं नाही. घरी सकाळी माणसं सहा आणि संडास एक. सासरे आत शिरले की बाकीच्यांनी आशा सोडायची. जाऊबाईंचा नंबर लागेपर्यंत कामाची वेळ व्हायची. मग बद्धकोष्ठ, मग कुंथणं, मग मूळव्याध. लोक नशिबाला बोल लावतात, मला चीड येते.

रक्त सुरू झालं तेव्हा दुखत काहीच नव्हतं. आधी लालभडक थेंब, पुढं धार. मग कोंब बाहेर यायला लागला, तो बोटानं आत ढकलावा लागे. दुखत नाही म्हणजे काळजीचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. वर शिवणारी बाईच ती. कारखान्यातल्या काळ्या चिंध्या जोडून परकराला आतून दुहेरी अस्तर लावलं. डाग लोकांना दिसेना आणि त्यांनाही दिसेना.

वर्षभरात त्या पांढऱ्याफटक पडल्या. जिना चढताना धाप लागायची. मोठे दीर म्हणायचे, धड जेवत नाही. मीही तेच म्हणायचे. एका घरात राहून कधी जवळ बसून विचारलं नाही, ते अजून मनाला लागतं. एके दिवशी त्या मशीनवरच कोसळल्या, सुई बोटातून आरपार.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रक्त किती जातं, कधीपासून, रंग कसा. जाऊबाई खाली मान घालून म्हणाल्या, "काळ्यावर कळत नाही हो." हिमोग्लोबिन पाच निघालं. रक्त चढवलं. खालून जाणारं रक्त दर वेळी मूळव्याधीचंच असेल असं नाही, म्हणून दुर्बिणीनं आतडंही तपासलं. सुदैवानं दुसरं काही नव्हतं. मग ऑपरेशन झालं. सुरुवातीलाच आला असतात तर पाणी, भाजीपाला आणि थोड्या औषधावर भागलं असतं, असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या. दीर खिडकीबाहेर बघत होते.

घरी आल्यावर दिरांनी सगळ्यांना बजावलं, कुणी विचारलं तर अशक्तपणा सांगायचा. असलं दुखणं चव्हाट्यावर कशाला आणायचं, म्हणाले.

आठवड्यानं जाऊबाईंच्या शेजारच्या मशीनवरची बाई भेटायला आली. इकडचं तिकडचं बोलून झालं. दीर पलीकडे पेपर वाचत होते. ती वाकून हळूच म्हणाली, "ताई, तुम्हाला खालून रक्त जायचं का? मला जातंय."

जाऊबाईंनी दिरांकडे पाहिलं. पेपर हलला नाही.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "नुसता अशक्तपणा."

"मग मी उगीच घाबरले," ती म्हणाली. "दुखत तर काहीच नाही."

मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले. तिथं आम्ही दोघीच होतो. सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं.

"सावकाश उतरा," एवढंच मी म्हणाले.