हात अकरा, आवाज सात

तिला घरात सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण ती बोलायला लागली की बंद करायचं बटण कुणाला सापडत नसे. पाचवा महिना लागला आणि तिचं पोटही बोलायला लागलं.

पंचाईत अशी, की तिच्या कामाला शांतता लागे. काचेच्या बंद खोलीत बसून ती पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करी, आणि समोरचा माइक इतका तिखट कानाचा की त्याच्यापुढे आवंढा गिळायचीही चोरी. सध्या एका सम्राटाचं सहाशे पानी चरित्र चालू होतं. "सम्राटाने दरबारावर नजर फिरवली. कुणीही चकार शब्द काढला नाही," असं तिनं भारदस्त आवाजात वाचलं, आणि नेमकं तेव्हाच पोटानं लांबलचक गुर्रर्र केलं.

काचेपलीकडे बसणाऱ्या ध्वनिमुद्रक काकांची हयात ऐकण्यात गेलेली. त्यांनी पहिल्या दिवशी माइक बदलला, दुसऱ्या दिवशी वायर. तिसऱ्या दिवशी त्यांनी नळवाल्याला बोलावलं. तो भिंतीला कान लावून पाइप शोधू लागला, तेव्हा तिला राहवेना.

"काका, तो पाइप माझा आहे."

काका कानापर्यंत लाल झाले. नळवाला हसत हसत हत्यारं आवरून गेला. मग दोघांनी ठरवलं, की पोटात काही झालं की तिनं थांबून हात वर करायचा, काकांनी वहीत वेळ टिपायची आणि नंतर तेवढा तुकडा कापायचा.

डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं होतं. "एकदम पोटभर जेवू नकोस, थोडं थोडं खा आणि सावकाश चाव. पाणी घोट घोट. सोड्याची पेयं बंद. जेवलीस की आडवी होऊ नकोस, जरा पाय मोकळे कर. आणि मला विचारल्याशिवाय कसलीही पूड, गोळी नको." तिनं सगळं इमानेइतबारे पाळलं. जेवणानंतर ती जिन्याजवळच्या बोळात अशा येरझारा घाली, की शिपाई तिला पहारेकरीणबाई म्हणू लागला. गुरगुर बरीच कमी झाली.

पण डॉक्टरीणबाईंनी आणखी एक विचारलं होतं. बाळ हलतं का? ती म्हणाली, नाही, नुसता गॅस. बाई म्हणाल्या, तपासणी छान आहे, पहिल्या खेपेला कधी उशिरा कळतं, सोमवारी पुन्हा ये. सासूबाईंचा रोज फोन. "काय गं, हललं?" "गॅस हलला, आई!" दोघी खदाखदा हसत. फोन ठेवला की मात्र तिच्या पोटात गोळा येई, आणि तो गॅसचा नसे. आतलं माणूस इतकं गप्प का, हे कुणाला विचारायचंही तिला धाडस होत नव्हतं.

शुक्रवारी सम्राट मरणार होता. तो मरेमरेपर्यंत तिनं कितीदा हात वर केला, तिलाच आठवत नव्हतं. काम संपल्यावर काका वही घेऊन आले.

"हात अकरा. आवाज सात."

"नीट ऐका ना, काका."

"मला सांगतेस? दहादा ऐकलं. चार ठिकाणी चिडीचूप आहे. मग हात कशाला केलास?"

"पोटात बुडबुडा फुटला म्हणून!"

"बुडबुडा फुटला तर माझ्या माइकला कळल्याशिवाय राहील? हे बिनआवाजी काय आहे?"

तिनं पोटावर हात ठेवून आठवून पाहिलं. बेंबीखाली, डावीकडे. चारही वेळा तिथंच. गेले दोन आठवडे रोज तिथंच. आतून कुणी हळूच टिचकी मारावी तसं.

तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावून सगळं सांगितलं. त्या हसल्या. "अगं, पहिलटकरणीला ते असंच वाटतं, बुडबुड्यांसारखं. सोमवारी बघूच, पण हे तुझं बाळच आहे."

ती टुणकन उठली, काकांचे हात धरून गरगर फिरली, हसली, रडली, पुन्हा हसली. काकांना काय झालं ते कळेना, पण तेही हसायला लागले. मग तिनं सासूबाईंना फोन केला.

"आई, हललं!"

"खरंच? कधी गं?"

"दोन आठवडे झाले, आई. ते बिचारं मला हाका मारत होतं, आणि मी त्याला गॅस म्हणत होते."