विहिरीवरचे तीन चौकोन

माझ्या हुशारीचं आता काय सांगू तुम्हाला! ऐका, पण हसा जपून. हे आठवलं की मला अजून चहा कडू लागतो.

मुरुमजवळच्या आमच्या गावात मी कंप्युटरचा क्लास चालवतो. गावच्या जुन्या विहिरीवर एक दगड होता. निजामाच्या काळात हिशेबाला सियाक आकडे वापरायचे, अरबी शब्दांवरून घडलेल्या वळणदार खुणा. त्या खुणांत विहिरीची खोली कोरलेली. कोरणारे म्हणजे आमच्या मेहबूबचाचांचे आजोबा. त्यांची तेवढीच निशाणी उरलेली.

विहिरीची दुरुस्ती निघाली. दगड झिजलेला, म्हणून नवा ग्रॅनाइट बसवायचं ठरलं.

चाचा म्हणाले, "सर, कागद लावून कोळशानं छाप घेऊ. आज्याचा हात जसाच्या तसा उतरंल."

मी हसलो हो! "कोळसा कशाला चाचा? या आकड्यांना आता कंप्युटरात जागा मिळालीय. जगात कुठंही पाठवा, हेच उमटणार!"

"व्हय? मंग लई बेस!" चाचा खुलले. माणूस भोळा नव्हता, माझ्यावर विश्वास होता.

नेटवरच्या तक्त्याशी ताडून मी आकडे टाईप केले. माझ्या स्क्रीनवर झकास दिसले. उमरग्याला मशीनवर दगड कोरणारा होता, त्याला फाइल पाठवली. त्याचा फोन आला.

"सर, वर नुसते चौकोन दिसायलेत. तसंच कोरू का?"

मला वाटलं, याला सियाकमधलं काय कळणार! "जसं दिसतंय तसं कोरा! तुमची अक्कल लावू नका!"

तेवढ्यात गवंड्यानं विचारलं, "जुन्या दगडाचं काय करू?"

"फोडून कठड्याच्या पायात घाला. कंप्युटरात आहे की!"

उद्घाटनाला फडकं ओढलं. तीन चौकोन! रिकामे! कोरणाऱ्याच्या कंप्युटरात त्या आकड्यांचा फाँटच नव्हता. फाँट नसला की रिकामी चौकट दिसते, हे कोण शिकवतं पोरांना? मीच!

टाळ्या पडल्या. सरपंच माइकवर म्हणाले, "ही बगा निजामाच्या काळातली नक्षी!" मी मान डोलावली. करतो काय?

चाचा जवळ आले. "जुना दगड कुठं हाय, सर?"

"पायात," मी म्हणालो. त्यांचा चेहरा बघवेना. लाज वाटली, स्वतःचा रागही आला. "चाचा, मी नवा दगड करून देतो. बरोबर आकडे टाकून."

"आकडे टाकताल वो. आज्याचा हात कुठनं आणताल?"

चौकोनांच्या खाली 'संगणक मार्गदर्शक' म्हणून माझं नाव होतं. मीच हौसेनं टाकलेलं, ठसठशीत उमटलेलं. चाचांनी त्याच्यावर बोट ठेवलं.

"ऱ्हाऊ द्या सर, बदलू नका. कुणाची करामत हाय, ते खाली लिव्हलंय की."