इजेचा गोटा

सासरच्या देवघरात, पितळेच्या देवांमागे, एक काळा-हिरवा दगड ठेवलेला असे. तळहाताएवढा, एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला धारेसारखा पसरट, आणि असा गुळगुळीत की समईची ज्योत त्यावर उतरून थरथरत राही. गावात त्याला इजेचा गोटा म्हणत. वीज पडते तेव्हा तिच्या टोकाशी हा असतो आणि तो जमिनीत रुततो, अशी समजूत. त्याला कुंकू नव्हते, फूल नव्हते. तो देव नव्हताच. तो बाळंतिणींचा होता. कळा सुरू झाल्या की तो पाण्यात बुडवायचा, ते पाणी बाईला पाजायचे आणि दगड तिच्या मुठीत द्यायचा. मूल झाले की धुऊन पुन्हा जागेवर.

साठीच्या दशकाचा तो आरंभ होता. माझ्या लग्नाला वर्ष झाले नव्हते. नवरा बालाघाटला नोकरीला. पौषात आम्ही वैनगंगेकाठी त्यांच्या गावी आलो होतो. धान कापून झालेले, बांध्यांमध्ये नुसते खुंट, आणि हवेत नव्या तांदळाचा, ओल्या तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, वास. थोरल्या जाऊबाईंना आठवा संपत आला होता. पहिल्या खेपेला गोटा त्यांच्या मुठीत होता. तो मुलगा अंगणात खेळत होता. दुसऱ्या खेपेला गोटा शेजारच्या घरी गेलेला होता. ती मुलगी जन्मली आणि रडलीच नाही. जाऊबाई त्याविषयी बोलत नसत. फक्त आल्या दिवशी त्यांनी तो दगड माझ्या हातात ठेवला आणि माझा अंगठा धरून एका उथळ खळग्यात बसवला. "तुहीबी पाळी येईन," म्हणाल्या. अंगठा तिथे असा बसला, जणू ती जागा त्याची वाट पाहत होती.

त्याच आठवड्यात नवऱ्याचा मित्र नागपूरहून आला. तो प्राचीन इतिहास शिकवी. दिवसभर तो नदीची कापलेली दरड पाहत हिंडे आणि संध्याकाळी ओसरीवर बसून सांगे. दरडीच्या तळाशी गोट्यांचा थर. त्यात तासलेले दगड, जनावरांमागे फिरणाऱ्या माणसांचे. वर पिवळी माती. तिच्यावर राखेचा पट्टा, खापरे, म्हणजे कुणीतरी थांबले, चूल मांडली, पेरले. त्यानंतर तांबे ओळखणारे आले; याच जिल्ह्यात जमिनीतून तांब्याच्या कुऱ्हाडी निघाल्या आहेत. मग लोखंडवाले, मेलेल्यांभोवती धोंड्यांची वर्तुळे रचणारे. मी दाराआडून ऐकत होते. कवितेवर वाढलेल्या माझ्या कानांना ती नदीची वंशावळ वाटली.

एका संध्याकाळी, आम्ही बायका चुलीपाशी असताना, मामाजींनी, माझ्या सासऱ्यांनी, कौतुकाने देवघरातला गोटा आणून दाखवला. पाहुण्याने तो कंदिलाजवळ नेऊन धारेवरून बोट फिरवले. मग म्हणाला, ही वीज नव्हे. लोखंडाआधीच्या माणसाने महिनोन्‌महिने घासून केलेली कुऱ्हाड आहे, हिनेच या खोऱ्यातले पहिले जंगल तुटले असेल. मामाजींची छाती फुगली. पाहुण्याला आवडले ते पाहुण्याचे, या रीतीने त्यांनी दगड त्याच्या झोळीत घातला. घरातल्या बायकांना कोणी विचारले नाही. आम्हाला हे सगळे नंतर कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहुणा आणि माझा नवरा नदीवर गेल्यावर, जाऊबाईंना कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते. सुईणीने पोटावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि तिचा चेहरा मिटला. मूल आडवे होते. वारासिवनीच्या दवाखान्यात नेल्याशिवाय गत नव्हती. थोरल्या दिरांनी बैल जुंपले, गाडीत तणस अंथरले. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, गोटा आणायला देवघरात गेल्या आणि रिकाम्या हातांनी बाहेर आल्या.

मामाजींनी सांगितले तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. "बाळंतपण तुमच्या पोटात रायते काय," म्हणाल्या, "तं गोटा तुमचा झाला?"

मामाजी जमिनीकडे पाहत म्हणाले, "पाहुण्याले देल्लेली वस्तू मांगू कसा?"

जाऊबाईंनी ते आतून ऐकले आणि दाराची चौकट धरली. घामाने केस कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे. सुईणीने समजावले, दिरांनी हात जोडले. त्यांचे एकच म्हणणे: "गोट्याबिगर मी गाडीत बसत नाही. मागल्या खेपेले तशीच बसली होती." उचलून न्यावे तर सुईण नको म्हणत होती, झटापटीत काय होईल याचा भरवसा नव्हता. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि निघाले.

धानाचे खुंट घोट्यांना ओरबाडत होते. दव सुकले नव्हते. मातीचा गार वास छातीत टोचत होता. विजेवर माझा विश्वास नव्हता. पण चौकटीवरची ती बोटे मला दिसत होती, आणि ती कशाने सुटतील हे मला ठाऊक होते.

दोघे दरडीखाली बसले होते. वर्तमानपत्रावर दगड ओळीने मांडलेले, आणि पाहुणा बारीक टाकाने आमच्याच गोट्यावर काळ्या शाईत अक्षरे काढत होता. मी धापा टाकत सगळे सांगितले. नवरा चटकन उठला आणि वाळूतला एक गुळगुळीत दगड उचलून म्हणाला, "हा नेऊ. तिले काय समजते अशा वक्ती?"

"त्यांचा हात ओळखेल," मी म्हणाले. "अंगठ्याची जागा आहे त्यावर."

पाहुण्याने गोटा फिरवला. खळगा त्याला सापडला. तो म्हणाला, ही झीज मी दांड्याच्या बांधणीची धरली होती. मग हलक्या आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखा, "वहिनी, हा गावात राहिला तर एक दिवस हरवेल. नागपूरला हजारो लोक पाहतील."

"पाहतील, भाऊजी. आज एकीला धरायचाय."

त्याची बोटे गोट्यावर मिटली. मला वाटले, नाही देणार. मग त्याने दगड माझ्या नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "पळ. शाई ओली आहे, कडेने धर."

नवरा बांध ओलांडत धावला. मी पोहोचले तेव्हा चौकट मोकळी होती. जाऊबाई गाडीत होत्या, उजवी मूठ छातीशी आवळलेली. मी चढले, त्यांचे डोके मांडीवर घेतले. वाटभर प्रत्येक चाकोरीला त्यांचा श्वास तुटे आणि मूठ पांढरी होई. मी बैलांच्या घुंगरांखाली त्यांचा श्वास ऐकत होते. थांबला की माझाही थांबे.

दवाखान्यात नर्सबाईंनी मूठ उघडायला सांगितले. उघडली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राहू द्या. दार लागले. बाहेरच्या फरशीवर फिनाइलचा वास होता, आणि आत कितीतरी वेळ कुणाचाच आवाज नव्हता. आत्याबाईंचे ओठ हलत होते, पण कुठल्याच देवाचे नाव उमटत नव्हते. मग आतून एक चिरका, रागावलेला आवाज आला. मुलगी होती. ही रडली.

मला आत सोडले तेव्हा जाऊबाईंचा उजवा हात चादरीवर उताणा पडला होता. बोटे हळूहळू सुटली होती, गोटा उशाशी. तळहातावर काळी अक्षरे उमटली होती, उलटी, घामाने पसरलेली. त्यांनी हात डोळ्यांपुढे धरला.

"हे काय लिवलं?"

"आपल्या गावाचं नाव," मी म्हणाले, "आणि एक आकडा."

"आकडा कायचा?"

"असे आणखी सापडलेत नदीकाठी. त्यांतला हा कितवा, त्याचा."

त्यांनी डोळे मिटले. झोप लागली असे वाटले. मुलीने कूस बदलल्यासारखी मान हलवली, तसे त्या पुन्हा बोलल्या.

"मंग ते बाकीचे," जाऊबाई म्हणाल्या, "कोनाच्या घरचे असतीन? ते गेल्यावर त्या बायांनी कायले धरलं असन?"

मला वर्तमानपत्रावर मांडलेली ती दगडांची ओळ आठवली. मी पाण्यात पदराचे टोक भिजवले आणि त्यांचा तळहात पुसू लागले. शाई निघाली, अंगठ्याखाली तेवढी थोडी राहिली.