वळायला लागणारी जागा

सुमे, फोन जरा कानाशी धर आणि ऐक. शहरात बसून "आत्या, छोटा ट्रॅक्टर घेऊन टाक" म्हणायला तुझं काय जातं गं?

काल विकणारा माणूस तो ट्रॅक्टर घेऊन आपल्या दीड एकरात आला. यंत्र खरंच लहान, खेळण्यासारखं. नांगराचे सरळ तास झकास ओढले. पण त्या माणसाची नजर सारखी बांधाजवळच्या लिंबोणीकडे. मी म्हटलं, "काय रे बाबा, लिंबं हवीत का?" तर हसून म्हणतो, "नाही आजी, वळायला अडतंय. तेवढं झाड काढलं की झालं."

माझ्या मनात पाल चुकचुकली. लहान म्हणून दारात आलेल्याची लांबी-रुंदी आपण विचारतो, त्याला वळायला किती जागा लागेल ते विचारत नाही. पाहुणासुद्धा आधी कोपऱ्यात पिशवी ठेवतो, आणि मग हळूच म्हणतो, हे कपाट जरा सरकवता का?

ती लिंबोणी तुझ्या बापानं लावलेली, विसरलीस? गुरुवारी तो माणूस पुन्हा येणार आहे. त्याआधी ये. दोघी झाडाखाली सतरंजी टाकून बसू, मग बघू ट्रॅक्टर कुठून वळतो ते.