पाहणारा कुठं उभा हाये?

इरा आणि नील,

तुमच्या पुस्तकातली चित्रं काढणारे हबीबभाई पेंटर आखाडा बाळापूरच्या दुकानांच्या पाट्या रंगवत. ब्रश उचलण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांचा एकच प्रश्न असे, "पाहणारा कुठं उभा हाये?" जीपमधून पाहणार असेल तर अक्षरं हातभर, पायी येणार असेल तर वीतभर. आमच्या शाळेची पाटी रंगवताना त्यांनी मला, म्हणजे इंग्रजीच्या बाईंना, रस्त्यापलीकडे अर्धा तास उन्हात उभं केलं होतं.

चेहरे मात्र ते काढत नसत. तरुणपणी त्यांनी एका दिवंगत पाटलांचं चित्र काढलं. ते पाहायला पाटलीणबाई बाहेर आल्या आणि परका पुरुष समोर आल्यासारखा त्यांनी झटकन डोक्यावरून पदर घेतला. "त्या दिसापासून तोबा," हबीबभाई सांगत. "अक्षर चुकलं तर पुसता येतं, बाई. नवरा चुकला तर काय पुसता?"

तुमच्या या आजीने तुमच्यासाठी चार डोळ्यांच्या निळ्या लोकांची गोष्ट लिहिली. ते आपला ग्रह सोडून दोन सूर्यांच्या मुलखात वस्ती करायला जातात. मी फोनवर मराठीत विचारते, तुम्ही तिकडे परदेशातून इंग्रजीत उत्तर देता. चित्रं असली तर निदान पुस्तक उघडाल, एवढ्या आशेवर मी हबीबभाईंकडे गेले.

त्यांनी गोष्ट गंभीरपणे ऐकली. "हे लोक पाणी कुठून आणतेत?"

ते मी लिहिलं नव्हतं.

"मंग वस्ती कशी करून राहिले?"

घरी येऊन मी विहीर लिहिली. दोन सूर्य म्हटल्यावर वाळवण एका दिवसात होणार, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. म्हणून चित्रातल्या घुमटाच्या घरांवर कुरडया वाळत आहेत.

अकरा चित्रं झाली. अकराही चित्रांत सगळे पाठमोरे. फोनवर ती पाहून नीलने विचारलं, हे आपल्याकडे का बघत नाहीत? मी ती तक्रार जशीच्या तशी पोचवली.

"चेहरे टाळायला पळवाट काढलीत तुम्ही," मी म्हणाले.

"न्हाई बाई. गोष्ट कोण सांगून राहिलं? तुमी. तुमी कुठं उभ्या हायेत? मागं, जुन्या ग्रहावर. जाणाऱ्याची पाठच दिसती."

मी चहा करायला आत गेले. चहाला त्या दिवशी जरा वेळ लागला.

कप खाली ठेवून ते म्हणाले, "लेकरू म्हणून राहिलंय तर एक चेहरा काढून पाहतो. बिघडला तर हसू नका."

ते बारावं चित्र त्यांनी मला दाखवलं नाही. पोळ्याच्या आठवड्यात ते गेले. चाळिसाव्या दिवसाच्या फातिहानंतर त्यांची मुलगी शबाना चित्र घेऊन आली.

जुन्या ग्रहावरची रिकामी वस्ती. एका दारात एकटी निळी म्हातारी, सरळ आपल्याकडे पाहत असलेली. डोळे चार, म्हणून नाकावर चष्मे दोन, एकाखाली एक.

"ह्या तुमी हायेत," शबाना म्हणाली. "अब्बा म्हणले, ह्या खेपेला पाहणारी लेकरं हायेत. जाता जाता मागं वळून पाहतेत, तर दारात बाई दिसतेत."

मी बराच वेळ पाहिलं. चेहरा माझ्यासारखा अजिबात नव्हता.

मी डोक्यावरून पदर घेतला.