राखेमुळं थांबलेलं विमान

जऊळक्याच्या स्टेशनवर तो म्हातारा मला एकदाच भेटला. गाडीला उशीर होता. बाकावर बसून मी मोबाइलवर कुठल्याशा ज्वालामुखीची बातमी पाहत होतो. ती ऐकून शेजारच्या या म्हाताऱ्याने खांद्यावरचा दुपट्टा मुठीभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"मागं एक फुटला होता, तवा तुमी कुठं होते?"

मला आठवेना. "घरीच असेन, बाबा."

"मी अंगनात होतो. बायकोच्या मयतीपाशी," तो म्हणाला. "पोरगं दुबईहून निघालं होतं. त्या राखेपायी इमानं बंद झाली. लोक म्हने, किती वेळ ठेवता? सांजवरी वाट पाह्यली, मंग नेलं."

"मुलगा आला का मग?"

"सावडायच्या दिवशी आला. मायचं तोंड दिसलं नाही त्याले. बापानं घाई केली म्हनते. तवापासून बोलत नाही माह्याशी."

दुपट्टा आता घट्ट आवळला होता. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "तुमी थांबले असते का?"

हो म्हटलं असतं, तर त्याचा अपराध पक्का झाला असता. नाही म्हटल्याने मुलगा बोलायला लागणार नव्हता. मी मोबाइलवरची ती बातमी बंद केली आणि गाडीची वाट पाहत राहिलो.